शाळेजवळचा फ्लॅट आणि वरचे सहा लाख

नमस्कार काका,

आम्ही साखर पेठेत राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे, खाली दोन खोल्या, वर दोन. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतात, मी पतसंस्थेत आहे. दोघांचे मिळून साठेक हजार येतात. मुलगी पाचवं पूर्ण करेल, पुढच्या वर्षी पहिलीला घालायची. जुळे सोलापुरात टू बीएचके बघतोय. एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेच्या मागच्या गल्लीत 46 लाख सांगतात. तेवढाच, तसाच फ्लॅट अडीच किलोमीटरवर सैफुलच्या पुढं 40 लाखांना आहे. भाडं विचारलं तर शाळेजवळ 11 हजार, तिकडं 10. एजंट म्हणतो, शाळेजवळची प्रॉपर्टी कधी पडत नाही. माझे दीर अमेरिकेत डॅलसजवळ असतात. त्यांनी आधी शाळा बघितली, मग घर घेतलं. ते म्हणतात, वहिनी, डोळे झाकून शाळेजवळचंच घ्या, मी दहा लाख देतो. सासरे म्हणतात, आमची पोरं इथंच शिकली की. घरात आम्ही तेलुगू बोलतो, विशेष मागास प्रवर्गात येतो, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागेचा, फॉर्म भरायचाही विचार आहे. मला तर काय करावं कळंना झालंय. महिनाअखेरीला टोकन द्यायचंय.

— एक आई, साखर पेठ

ताई,

टोकन दिलेलं नसेल तर अजून देऊ नका. घर हवंच असेल तर 40 लाखांचा फ्लॅट बघा, कागद तपासा, मनात भरला तर घ्या. पण शाळेच्या मागच्या गल्लीत आहे एवढ्यासाठी सहा लाख जास्त मोजू नका. हे माझं स्पष्ट मत आहे. कारणं सविस्तर सांगतो, कारण मिस्टरांशी, दीरांशी आणि एजंटशी बोलताना ती तुम्हाला लागतील.

आधी दीरांचं. ते राहतात तिथल्यापुरतं त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुलाची सरकारी शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. उपनगराचे शाळांपुरते भाग पाडलेले असतात. रस्त्याच्या अलीकडची घरं एका शाळेला, पलीकडची दुसरीला. फी नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही. त्या हद्दीत राहतो असा पुरावा दिला की प्रवेश पक्का, आणि हद्दीबाहेरच्याला सहसा तो मिळत नाही. म्हणजे तिथं घर घेताना माणूस चार भिंतींबरोबर शाळेतली जागाही विकत घेतो. मग चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग होणारच.

हे किती महाग होतं ते सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बोस्टनच्या उपनगरांत मोजलं होतं. 1999 साली त्यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी काय केलं, तर शाळेच्या हद्दरेषेला अगदी लागून असलेली घरं घेतली, काही अलीकडची, काही पलीकडची. बाजार तोच, रस्ते तेच, शेजारही जवळपास तोच. फरक एवढाच की मुलं कोणत्या प्राथमिक शाळेत जाणार. ज्या बाजूच्या शाळेत परीक्षेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त, त्या बाजूच्या घराला लोक सुमारे 2.5 टक्के जास्त देत होते. हा आकडा लक्षात ठेवा. जिथं पत्त्यावर प्रवेश पक्का मिळतो, तिथं अडीच टक्के. तुमच्याकडे 40 चे 46 मागतायत, म्हणजे 15 टक्के, आणि प्रवेशाची हमी काहीच नाही.

दीरांना आणखी एक विचारा, वर्षाला घरपट्टी किती भरता? टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, पण घरपट्टी भरपूर आणि तिच्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. चांगल्या शाळेचे पैसे ते घर घेताना एकदा देऊन मोकळे झालेले नाहीत, दर वर्षी देतायत. आपल्याकडेही महापालिकेच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते, पण तो कर राज्य सरकारचा. त्यातून तुमच्याच पेठेतल्या शाळेला वेगळं काही मिळेल असं काही नाही.

त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही दीरांच्याच राज्यात आहे. सॅन अँटोनिओ शहरातल्या एजवूड या गरीब भागातल्या पालकांनी 1968 साली दावा लावला की आमची घरं स्वस्त, म्हणून कर कमी जमतो, म्हणून आमच्या मुलांच्या शाळा गरीब. शेजारच्या श्रीमंत भागात सगळं उलटं. सर्वोच्च न्यायालयात 1973 साली ते पाच विरुद्ध चार अशा मतांनी हरले. पुढं टेक्सासला 1993 साली कायदा करून श्रीमंत भागांतल्या शाळांचा काही पैसा गरीब भागांकडे वळवावा लागला. घराची किंमत आणि शाळेचा दर्जा एकमेकांना बांधले की ज्याला घर परवडत नाही त्याच्या लेकराची शाळाही जाते. आपल्याकडे ती गाठ अजून तेवढी घट्ट नाही, हे आपलं नशीब. आपण होऊन ती मारून घेऊ नये, असं मला फार वाटतं.

आता सोलापूर. सकाळी सात-साडेसातला सात रस्त्याला उभं राहिलं की दिसतं. व्हॅन, रिक्षा, बसेस, बापाच्या गाडीवर पुढं एक मागं एक. रिक्षाच्या बाहेर दप्तरं टांगलेली, आत पोरं दाटीवाटीनं बसलेली. अक्कलकोट रोडची मुलं विजापूर रोडला चालली आहेत, जुळे सोलापूरची गावात येतायत, शेळगीची होटगी रोडला. ह. दे. प्रशालेत शिकलेली माणसं शहराच्या कुठल्याही पेठेत भेटतील. इथं खासगी शाळेतली जागा मिळते ती फी, फॉर्मची तारीख, वय, शाळेचे नियम आणि कधी कधी ओळख यांवर. तुम्ही मागच्या गल्लीत राहता की शेळगीत, हे शाळेच्या ऑफिसात फारसं कोणी विचारत नाही. एजंटला एकच सांगून बघा, "प्रवेश मिळेल असं शाळेकडून लेखी आणून द्या, उद्या टोकन देते." त्याला ते आणता येणार नाही.

अपवाद एकच, आणि तो तुमच्याच कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिक्षण हक्क कायद्यात विनाअनुदानित खासगी शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात वंचित घटकात विशेष मागास प्रवर्ग धरलेला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. इथं मात्र अंतर मोजलं जातं. फॉर्म भरताना नकाशावर घराची खूण करायची असते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांना. अर्ज जास्त आले की सोडत. म्हणजे शाळेमागचा फ्लॅट तुम्हाला पहिल्या रांगेत उभं करेल, पण जागा देणार नाही. सैफुलचा फ्लॅट अडीच किलोमीटरवर, म्हणजे तोही वर्तुळाबाहेर पडत नाही.

आणि पहिल्या रांगेत उभं राहायला घर विकत घ्यावं लागत नाही. निवासाचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, अकरा महिन्यांचा किंवा जास्तीचा, अर्ज भरायच्या तारखेच्या आधी केलेला. फक्त खरोखर तिथं राहायला हवं. पडताळणीत राहत नाही असं निघालं तर झालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. ज्या गोष्टीसाठी एजंट सहा लाख मागतोय, ती 11 हजारांच्या भाड्यानंही मिळते.

त्याआधी अजून एक तपासा, ती शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे का? असेल तर 25 टक्क्यांचा नियम तिला लागूच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा तसा निकाल आहे. शहरातल्या बऱ्याच नामांकित शाळांच्या दारात हा प्रश्न उभा राहतो, आणि पालकांना तो फॉर्म भरायच्या दिवशी कळतो. शिवाय नियम बदलतात ते वेगळंच. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात तिला स्थगिती दिली, जुलैमध्ये ती रद्दच केली, आणि पुढं सर्वोच्च न्यायालयातही तोच निर्णय टिकला. सहा महिन्यांत नियम गेला आणि परत आला. तुमचं कर्ज वीस वर्षांचं असणार आहे.

हे सगळीकडे असंच आहे. बीजिंगमध्ये नामांकित शाळेच्या हद्दीतल्या जुन्यापान्या, अंधाऱ्या खोल्यांना लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले, कारण तिथंही पत्त्यावर शाळा. मग 2020 साली शिचेंग या भागानं नियम केला की जुलैअखेरनंतर घर घेणाऱ्याला एक ठरावीक शाळा मिळेलच असं नाही, अनेक शाळांपैकी कुठलीही मिळेल. त्यानंतर शाळेसाठी घर घेणाऱ्याच्या हातात नुसतं घर उरलं.

आपल्याकडे तर सरकारी हुकूमही लागत नाही. तिथली सरकारी शाळा आपली हद्द सोडून जात नाही. इथली नावाजलेली शाळा ट्रस्टची असते. संस्थेनं पाच वर्षांत होटगी रोडला मोठी जागा घेऊन दुसरी शाखा काढली, चांगल्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, संचालकांत भांडणं लागली, की नाव खाली येतं. चांगली शिक्षक मंडळी दुसऱ्या शाळेनं नेली तरी तेच. मग तुमच्या फ्लॅटमधले ते सहा लाख कुठं शोधायचे?

आता आकडे, कारण तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला ते माझ्याहून चांगले कळतील. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं धरली तर लाखाला 868 रुपयांच्या आसपास हप्ता पडतो. सहा लाखांचे झाले महिन्याला सुमारे 5,200. वीस वर्षांत साडेबारा लाखांच्या घरात. मुलगी शाळेत असणार पहिली ते दहावी, दहा वर्षं. ती कॉलेज संपवून नोकरीला लागली तरी तुम्ही शाळेजवळ राहिल्याचा हप्ता भरत असाल.

आणि तुमच्या पत्रातच एक फार मोलाची माहिती आहे, तुमच्या ध्यानात आलीय की नाही ठाऊक नाही. भाडं. शाळेजवळ 11 हजार, लांब 10. भाडेकरू काही गुंतवणूक करत नसतो. तो राहण्याचे पैसे देतो. त्या गल्लीत राहणारी, रोज मुलाला चालत सोडणारी माणसं शाळेच्या जवळिकीची किंमत महिन्याला एक हजार रुपये धरतात. वर्षाला 12 हजार. ते मिळवायला तुम्ही सहा लाख अडकवणार, म्हणजे दोन टक्के सुटले. बाकीची किंमत "पुढं वाढेल" या आशेची आहे, आणि ती आशा तुम्हाला विकतोय तो माणूस, ज्याचं कमिशन 46 लाखांवर जास्त आणि 40 लाखांवर कमी आहे.

एजंटचा भाव खरा की खोटा तेही घरबसल्या बघता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या भागात नोंदवलेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, बघायला मिळते. त्याच सोसायटीतले, त्याच गल्लीतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढा. सैफुलकडचेही काढा. कागदावर सगळा पैसा दिसतोच असं नाही, हे खरं. पण दोन्हीकडे तीच सवय असल्यानं फरक कळतो. फरक दोन-तीन लाखांचा निघाला तर बोलणीला बसताना तो कागद समोर ठेवा.

याचा अर्थ शाळा जवळ असण्याला काही किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. सहा वर्षांचं लेकरू चालत शाळेत जातंय, दुपारी चालत घरी येतंय, आल्यावर त्याला झोप मिळते, खेळ मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. विजापूर रोडवर जड वाहनं कशी धावतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून दोन्ही फ्लॅटपासून शाळेपर्यंत एकदा स्वतः चालून बघा, भर शाळेच्या वेळेला, मुलीचा हात धरून. मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? फुटपाथ आहे का, की गाड्याच लावलेल्या आहेत? अडीच किलोमीटरला व्हॅनवाला महिन्याला काय घेतो तेही विचारा. बारा-पंधराशे म्हणाला तरी 5,200 पेक्षा बरंच कमी आहे, आणि व्हॅन सुट्टीत बंद करता येते, हप्ता बंद करता येत नाही.

घराची किंमत टिकवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पाणी किती दिवसांआड येतं, किती वेळ येतं, सोसायटीची टाकी केवढी, बोअर उन्हाळ्यात टिकतं का, टँकरचे पैसे कोण देतं? एप्रिल-मे महिन्यात तिथं राहणाऱ्या बाईला विचारा, एजंटला नको. 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागात ड्रेनेज पोहोचलंय का ते बघा. जागा बिगरशेती आहे का, लेआउट मंजूर आहे की गुंठेवारी, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नवी स्कीम असेल तर महारेराला नोंद आहे का? हे वकिलाकडून तपासून घ्या, चार पैसे जातील ते जाऊ द्या. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेही मिस्टरांशी बोलून ठेवा.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते. तुम्ही दोन फ्लॅटची तुलना केलीत, भाडं विचारलंत, रस्ता बघितलात. शाळा बघितलीत का? तुमच्या पत्रात "नावाजलेली" एवढाच शब्द आहे. दारावरच्या फ्लेक्सवर दहावीचा शंभर टक्के निकाल असेल. राज्याचाच दहावीचा निकाल 2024 मध्ये 95.81 टक्के होता, 2025 मध्ये 94.10. अशा वेळी शंभर टक्के निकालावरून शाळेनं काय शिकवलं ते कळत नाही. त्यातलं किती शाळेचं, किती क्लासचं आणि किती घरच्यांचं, हेही कळत नाही.

त्यापेक्षा त्या शाळेत तिसरी-चौथीत जाणारं ओळखीतलं एखादं मूल शोधा आणि त्याची वही मागा. वर्गातल्या दोघा-तिघांच्या वह्या मिळाल्या तर अजून चांगलं. तिन्ही वह्यांत "माय मदर" हा निबंध शब्दन् शब्द सारखा असेल, प्रत्येक पानाखाली लाल पेनानं एकच बरोबरची खूण आणि सही असेल, तर मुलांनी फळा उतरवून घेतलाय आणि बाईंनी पानं मोजली आहेत. पण एखाद्या वहीत वाकडंतिकडं का होईना, मुलाचं स्वतःचं वाक्य असेल, त्यात बाईंनी एक शब्द दुरुस्त करून बाजूला दोन ओळी लिहिल्या असतील, आणि खाली मुलानं तेच वाक्य पुन्हा नीट लिहिलेलं असेल, तर त्या वर्गात शिकवणं चाललंय. गणिताच्या वहीत खोडलेली उदाहरणं दिसली तर आनंद माना. मग मुलाला विचारा, गेल्या वर्षीच्या बाई यंदा आहेत का? दर वर्षी अर्धे शिक्षक बदलत असतील तर कमी पगारात राबवून घेतात असं समजा. वर्गात किती मुलं, ग्रंथालयाचं कुलूप उघडतं का, घरी पुस्तक देतात का? केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या नोंदीत प्रत्येक शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती सगळ्यांना बघता येते. तीही काढा.

हेच सगळं घेऊन एकदा तुमच्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेतही जा. नाक मुरडू नका, ताई, पुढचं वाचा. दीरांना टेक्सासमध्ये पत्त्यामुळे जो हक्क मिळाला, तो साखर पेठेतल्या पत्त्यामुळे तुमच्या लेकीला आज, या क्षणी आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीच्या मुलासाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी, आणि सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक, हेही त्यातच आहे. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत. एवढा मोठा हक्क आपल्या पत्त्याला चिकटलेला असून कोणत्याही पेठेतल्या घराची किंमत त्यामुळे शंभर रुपयांनीही वाढत नाही, कारण परवडणाऱ्यांनी तो कधीच सोडून दिला. जे उरले त्यांचं ऐकायला कोणी नाही. मला याचं मनापासून दुःख होतं. प्रत्येक वॉर्डातली शाळा धड असती तर कोणत्याच एका गल्लीला शाळेचा भाव लावता आला नसता, आणि तुम्हाला आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि सरकारी शाळेत काही होऊ शकत नाही असं म्हणायला निदान आपल्या जिल्ह्याला तोंड नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 साली तिथं आले तेव्हा इमारतीची दशा झालेली, शेजारी गोठा. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, जे पुढं राज्यानं उचलले. मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक त्यांना कळत नाही हे दिसल्यावर ते स्वतः कन्नड शिकले आणि धडे मुलांच्या भाषेत आणले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले.

तुमच्या घरी तेलुगू बोलतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं. सहा वर्षांच्या मुलीला घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि वर्गात तिसरी असं होणार असेल, तर त्या वर्गातल्या बाईंना हे माहीत आहे का, त्या तिला समजून घेतील का, हे मला शाळेच्या इमारतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. माध्यम कोणतं घ्यावं हा तुमचा निर्णय. मी फक्त एवढंच म्हणेन की प्रवेशाआधी पहिलीच्या बाईंना भेटा, मुख्याध्यापकांना नव्हे. महापालिकेची शाळा बघून आलात आणि मनाला पटली नाही, तर खुशाल दुसरी निवडा. पण बघून मगच नाही म्हणा.

सासऱ्यांचा विषय नाजूक आहे. घर विकायचं असं तुम्ही लिहिलेलं नाही, ते चांगलं आहे, विकूही नका. ते म्हणतात "आमची पोरं इथंच शिकली", त्यातलं एक पोर डॅलसला पोहोचलं, हे दीरांनीही आठवावं. दीर देतायत ते दहा लाख उसने आहेत की तुम्हाला दिलेले, आणि पेठेतल्या घरातल्या त्यांच्या हिश्शाशी त्याचा काही संबंध आहे का, हे आत्ताच, सगळ्यांसमोर, कागदावर स्पष्ट करून घ्या. भावाभावांत पुढं याच गोष्टीवरून बोलणं बंद होतं, हे मी फार घरांत बघितलंय.

माझ्या मते तुम्ही असं करावं. मुलगी पहिलीत जाईपर्यंत काही विकत घेऊ नका. या वर्षात तीन-चार शाळा वह्या मागून बघा, त्यात एक महापालिकेची. जुळे सोलापुरातलीच शाळा पक्की ठरली, तर आधी तिथं वर्षभर भाड्यानं राहा. पाणी, शेजार, रस्ता, शाळा, सगळं कळेल. तरीही तिथं घर घ्यावंसं वाटलं तर लांबचा फ्लॅट घ्या, आणि जो 5,200 चा हप्ता वाचेल त्यातला निम्मा लेकीच्या नावानं दरमहा बाजूला टाका.

आरटीईचा फॉर्म भरणं हा तुमचा कायद्यानं मिळालेला हक्क आहे. त्या जागेची गरज तुमच्यापेक्षा जास्त कुणाला असेल का, हा विचार तुमचा तुम्ही करा, मी त्यात पडत नाही. भरणार असाल तर तारखा दर वर्षी मागंपुढं होतात, म्हणून दिवाळीनंतर लगेच कागद गोळा करा: मुलीचा जन्मदाखला, तिचा किंवा वडिलांचा जातीचा दाखला, राहण्याचा पुरावा. भाड्यानं राहणार असाल तर करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा, नुसता स्टँप पेपरवरचा चालत नाही. आणि नकाशावर खूण करताना मोबाइल हातात घेऊन घराच्या दारात उभं राहून करा. ती खूण शेजारच्या गल्लीत पडली म्हणून लोकांचे अर्ज अडकतात.